निरांजन वाऱ्याने विझलं नव्हतं

रविवार, सकाळी दहा. मल्लप्पाअण्णा, तुम्ही गेल्याला आज सतरा दिवस झाले.

हजर: चेअरमन जाधव सर. सात नंबरचे रज्जाकभाई, टेस्टर खिशात. इंजिनिअरिंग कॉलेजच्या मॅडम आणि त्यांचं वायू मोजायचं यंत्र. तुमच्या गंगाक्का. तुमची लेक सुवर्णा, कालच बार्शीहून परत आलेली. माझे यजमान प्रकाश. सोसायटीच्या बाराही घरांतलं कोणी ना कोणी. आणि मी, सचिव. गैरहजर: तुम्ही, घर नंबर चार.

गैरहजर सभासदाच्या नावापुढे कारण लिहायची आपली पद्धत आहे. परगावी, आजारी, लग्नकार्य. तुमच्या नावापुढे काय लिहायचं ते सुचलं नाही, म्हणून रकाना मोकळा ठेवलाय. माझ्या वहीत मोकळा राहिलेला हा पहिलाच रकाना असेल.

आधी निकाल सांगते. पाल्हाळ तुम्हालाही आवडत नव्हतं. बाराही घरं मोजून झाली. स्वयंपाकघर, न्हाणी, कपाटामागचे कोपरे, जिन्याखालची जागा, सगळीकडे शून्य. तुमच्या घरातसुद्धा शून्य. कचऱ्याचा वायू घरांपर्यंत आलेला नाही. अण्णा, तुमचं चुकलं नव्हतं.

हे उत्तर तुम्हाला द्यायला मला सतरा दिवस उशीर झाला.

उन्हाळ्यात छातीच्या उपचारासाठी तुम्ही दोघं सुवर्णाकडे बार्शीला होतात. दोन महिन्यांनी परतलात, कुलूप काढलंत, आणि आतून वास आला. कुजका, नाकात बसणारा. तुम्ही उंबऱ्यावरच हात आडवा धरलात. गंगाक्कांना म्हणालात, "आत जाऊ नगं. पल्याडचा गॅस आलाय." स्विचला कुणाला हात लावू दिला नाहीत. रज्जाकभाईंनी बाहेरून मेन बंद केला. खिडक्या बाहेरून ढकलून उघडल्या. त्या दिवसापासून तुमची खाट पडवीत आली. स्वयंपाक आमच्याकडे, आंघोळी आमच्याकडे. आपली दोन्ही घरं एकाच भिंतीची, पण माझ्या बाजूला वास नव्हता. तरी आम्हीही खिडक्या सताड उघड्या ठेवल्या. मॅडमना फोन केला. त्यांचं यंत्र दुरुस्तीला पुण्याला गेलं होतं. तीन आठवडे लागतील, म्हणाल्या.

तीन आठवडे तुमच्याकडे नव्हते.

आपलं शेवटचं नीट बोलणं झालं ते त्या खाटेजवळ. मी औषधांच्या वेळांचा कागद खांबाला चिकटवत होते. तुम्ही म्हणालात, "अक्का, बारा घरं हितं बांधा म्हणून मीच सांगितलं की तुमाला."

"हो."

"मग चुकलं का माझं?"

मी म्हणाले, "यंत्र येऊ द्या अण्णा. मग सांगते."

तुम्हाला तेवढ्यातही हसू आलं. "तुमी कागद आल्याबिगर रडणार बी न्हाय."

त्या वेळी मी "नाही चुकलं" एवढे दोन शब्द बोलू शकले असते. पण ठाऊक नसलेली गोष्ट ठाऊक आहे म्हणून सांगायची नाही, हे तुम्हीच मला शिकवलं होतं. शिकायला मला वेळ लागला, आणि शिकले ते नेमकं नको तिथे वापरलं.

शिकवलंत ते कुठून, ते तुम्हाला सांगायला नको. पण मला एकदा पहिल्यापासून लिहून काढायचं आहे.

तुम्हाला सोसायटीत आणलं मीच. आमच्या दवाखान्याच्या विहिरीवरचा पंप दुरुस्त करायला तुम्ही यायचात. अक्कलकोटकडचे, पस्तीस वर्षं विहिरी खणण्यात आणि पंप बसवण्यात गेलेली. मी भांडारात यादी तपासत असायचे आणि तुम्ही वॉशर मागायला यायचात. "सेक्रेटरीअक्का" हे नाव नंतर पडलं, तेव्हा मी नुसती "बाई" होते. शहराच्या कडेला जुन्या खाणींच्या बाजूला जागा स्वस्तात मिळतेय, बारा सभासद हवेत, अकरा झालेत, असं मी सांगितलं. बारावे तुम्ही. विकणाऱ्याने वर काळी माती टाकून, सपाट करून, ज्वारी पेरून दाखवली होती. "बापजाद्यांची शेती हाय," तो म्हणाला. आपण सगळ्यांनी ज्वारीकडे पाहिलं. ती एका बाजूला पिवळी पडली होती, हे तुम्ही एकट्यानं पाहिलं आणि त्या दिवशी बोलला नाहीत. हे मात्र मी अजून माफ केलेलं नाही.

मग भूमिपूजन. सभागृह होणार होतं तिथे, पश्चिमेच्या अंगाला, माझ्या प्लॉटला लागून. खड्डा तुम्हीच खणलात, कारण नीट खड्डा खणणारा दुसरा कोणी नव्हता. अरुंद, मांडीएवढा खोल. गुरुजींनी तळाशी तांब्याचा कलश ठेवला आणि शेजारी निरांजन. ते विझलं. पुन्हा लावलं. पुन्हा विझलं. गुरुजी म्हणाले, "वारा आहे," आणि निरांजन काठावर ठेवलं. काठावर ते छान जळालं. फोटोही निघाले.

तुम्ही माझ्या शेजारी उभे होतात. हळूच म्हणालात, "वारं कुटं हाय अक्का? उदबत्ती बघा की."

मी पाहिलं. उदबत्तीचा धूर दोऱ्यासारखा सरळ वर चालला होता.

हे मी आजवर कुणापाशी कबूल केलं नव्हतं. आज सभेत केलं. मी धूर पाहिला होता, आणि संध्याकाळी इतिवृत्तात लिहिलं: "निरांजन वाऱ्याने दोनदा विझले. बाकी कार्यक्रम उत्साहात पार पडला."

पुढच्या सभेत, शाळेच्या वर्गात, मागचं इतिवृत्त वाचून कायम करायचं होतं. वही सहीसाठी फिरत तुमच्यापर्यंत आली आणि थांबली.

"सही करत न्हाय," तुम्ही म्हणालात.

"का बरं?" जाधव सरांनी विचारलं.

"'वाऱ्याने' खोडा."

मी विचारलं, "मग काय लिहू?"

"'विझलं' एवढंच लिवा. कशानं इझलं ते आपल्याला ठावं न्हाय."

रज्जाकभाई मागून म्हणाले, "क्या अण्णा, दिया बुझ्या तो क्या घरच नै बांधना?" सगळे हसले. मीही हसले.

तुम्ही हसला नाहीत, चिडलाही नाहीत. म्हणालात, "रज्जाकभाई, टेस्टर लावल्याबिगर वायरला हात लावता का तुमी?"

"नै."

"विहिरीत उतरताना आमचा टेस्टर म्हंजी कंदील. दोरीनं आधी तो खाली सोडायचा. जळत राहिला तर माणूस उतरायचा. इझला तर न्हाय उतरायचं, मग मालक कितीबी बोंबलू दे. माझा चुलता उतरला हुता इझल्यावर. वर आला तो दोरीला बांधून."

आणि मी काय केलं? विषयपत्रिकेवर पुढे चार विषय होते. मी म्हणाले, "अण्णा, निरांजनावरून घराचा निर्णय होत नसतो," आणि इतिवृत्त बहुमताने कायम करून घेतलं. अकरा विरुद्ध एक. प्रत्येकाला लवकर घर हवं होतं. मला तर कोपऱ्यातला प्लॉट मिळाला होता, पश्चिमेचा, ज्याच्या ओट्यावर बसून चहा पिता येईल असा. ओट्याची लांबी-रुंदीसुद्धा मी वहीत लिहून ठेवली होती.

त्याच थंडीत मी प्लॉटवर हुरडा पार्टी ठरवली. तीस माणसं, गूळ, चटणी, दही, सगळी यादी झाली. आगटी खणायला जागा आखली आणि तुम्ही येऊन त्या जागेवर उभेच राहिलात. "हितं आगटी न्हाय." मी म्हणाले, "मग कुठे, तुमच्या डोक्यावर?" तुम्ही म्हणालात, "त्यापरास ते बरं." पार्टी रज्जाकभाईंच्या गच्चीवर झाली, गॅसच्या शेगडीवर. हुरडा शेगडीवर भाजला की काय होतं ते सगळ्यांनी खाल्लं. महिनाभर आपण बोललो नाही.

आणि मग एका सकाळी प्रकाश सांगत आले की अण्णा तुझ्या प्लॉटवर खणतायत. मी नियमांचं पुस्तक घेऊनच गेले. सभासदाने दुसऱ्याच्या प्लॉटवर परवानगीशिवाय काही करू नये, हे कलम बोटाखाली धरून. तुम्ही खड्डा खोलीएवढा रुंद घेतला होता, उतरता, हवा कोंडू नये म्हणून. कडेला कंदील. काठावर गंगाक्का बसलेल्या, हातात दोरी, दोरीचं दुसरं टोक तुमच्या कमरेला. मी कलम वाचायला सुरुवात केली. तुम्ही कंबरभर खड्ड्यातून एकेक वस्तू वर ठेवत राहिलात.

काळी माती मांडीपर्यंतच होती. खाली जे निघालं त्याची मी तिथेच, नियमांच्या पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर यादी केली. ती यादी अजून आहे. प्लास्टिकच्या पिशव्यांचे थर. सायकलच्या ट्यूबचे तुकडे. रंगीत सुताचे गुंते, कारखान्यांतले. रबरी चप्पल एक, डावी. राखेसारखी काळी माती, हाताला कोमट. काचेच्या सलाईनच्या बाटल्या तीन.

बाटल्यांपाशी माझा हात थांबला. काचेच्या सलाईनच्या बाटल्या मी नोकरीला लागले तेव्हा पाहिल्या होत्या. नंतर सगळीकडे प्लास्टिकच्या आल्या. रबरी बूच, वरचं पत्र्याचं कडं. कुठल्या दवाखान्याच्या होत्या ते कळायला मार्ग नव्हता. पण वस्तू माझ्या खात्यातली होती. "बाद साहित्य" असा शिक्का मारला की ती माझ्या यादीतून जाते. कुठे जाते ते मी कधी विचारलं नव्हतं. ती माझ्या स्वयंपाकघराच्या जागेखाली येऊन पडली होती.

मी पुस्तक मिटलं. तुम्ही खड्ड्यातून वर पाहून म्हणालात, "वाचा की कलम. पुढं काय हाय त्यात?"

पुढचं तर सगळ्यांच्या तोंडी आहे. मॅडम आल्या, त्यांनी यंत्राने ठिकठिकाणी भोकं पाडून माती काढली. पश्चिमेचे सहा प्लॉट म्हणजे जुनी दगडाची खाण, वर्षानुवर्षं गावाच्या कचऱ्याने भरलेली. पूर्वेचे सहा प्लॉट म्हणजे हातभर मातीखाली मुरूम आणि मुरमाखाली कातळ. मॅडमनी आपल्याला वर्गात बसवून समजावलं. कचरा कुजत राहतो, तो खाली बसत जातो, आणि सगळीकडे सारखा बसत नाही. वर घर असेल तर एका कोपऱ्यातून खचतं. कुजताना वायू होतो. तो वर जायला वाट मिळाली नाही की आडवा सरकतो, पायाच्या भेगांतून घरात शिरतो, कपाटात, न्हाणीत साठतो, आणि एका ठिणगीने पेट घेऊ शकतो. "वास आला नाही म्हणून वायू नाही असं समजू नका," त्या म्हणाल्या. "आणि वास आला म्हणून तोच आहे, असंही नाही." हे दुसरं वाक्य मी लिहून घेतलं होतं. आपण दोघंही ते विसरलो.

त्या दिवशी खरा पेच पडला. सहा जणांची जागा पक्की, सहा जणांची फसवी. पश्चिमेकडची मी. पूर्वेकडचे तुम्ही. कुणीतरी म्हणालं, ज्याचं त्याचं नशीब. खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. मी वहीत लिहायचं सोडून पेन धरून बसले होते. तेवढ्यात तुम्ही उभे राहिलात.

"माझ्या प्लॉटात दोन घरं बसत्यात. मधी एक भिंत. अर्धं सेक्रेटरीअक्काला द्या."

मी म्हणाले, "अण्णा, विचार करून बोला."

"विचार केलाय. भिंत पक्की घ्या फक्त, बाईचा आवाज मोठा हाय."

हसण्यातच रज्जाकभाईंनी हात वर केला, मग जाधव सरांनी. एकाला महिना लागला, एकाला तीन, एकाच्या घरी जाऊन गंगाक्का बसल्या. पण सहा प्लॉटांवर बारा घरं झाली, जोडीजोडीने. आठ वर्षं झाली, एका भिंतीला केसाएवढी चीर नाही. पश्चिमेची जागा मोकळी. मधे खोल चर खणून खडीने भरला, आणि मोकळ्या जागेत भोकांचे उंच पाइप उभे केले, वायूला वर जायला. तिथे घर नाही, बोअर नाही, होळी नाही, आगटी नाही. हे नियम मी लिहिले आणि ते पाळले जातायत का, हे बघत तुम्ही फिरत राहिलात.

अर्धा प्लॉट दिल्याबद्दल मी तुमचे आभार मानले होते का? वही चाळली. ठराव आहे, सूचक आहे, अनुमोदक आहे. आभार "सर्व संबंधितांचे" मानलेले आहेत. बस्स, एवढंच. रोज सकाळी भिंतीवर टकटक करून तुम्ही विचारायचात, "चहा झाला का?" आणि मी तिकडून ओरडायचे, "या!" मी हेच आभार धरून चालले होते. तुम्हीही तसंच धरलं असावं, अशी आशा आहे.

एक भांडण मात्र अर्धं राहिलं. मोकळ्या जागेवर पाटी लावायची होती. माझा मजकूर: "मोकळी जागा. प्रवेश बंद." तुमचा मजकूर: "हितं कचरा पुरलाय. घर बांधू नये." मी म्हणायचे, असं लिहिलं तर सोसायटीचं नाव खराब होईल, मुलामुलींच्या लग्नात विचारतील. तुम्ही म्हणायचात, "आपण मेल्यावर कुणाला ठावं ऱ्हाणार? परत काळी माती टाकतील, परत ज्वारी पेरतील." दोन वर्षं पाटी रंगवायची राहिली, मजकुरावर अडून.

तुम्ही पडवीतच गेलात. सकाळी, तुम्हाला बघायला आलेली सुवर्णा चहाचा कप घेऊन आली तेव्हा. स्वतःच्या घरात पाऊल न टाकता गेलात, याचं गंगाक्कांना लागलं होतं. तुमच्या रिवाजाप्रमाणे तुम्हाला पुरायचं होतं. प्रकाश, जाधव सर आणि रज्जाकभाई पुढे गेले खड्ड्याकडे बघायला. माणसाला बसवून ठेवायचं, एका बाजूला कोनाडा करायचा, हे सगळं मी पहिल्यांदाच पाहत होते. गंगाक्का मला म्हणाल्या, "ते म्हणत होते, मला भरावात ठेवू नका म्हणून." आम्ही दोघी त्या दिवशी पहिल्यांदा हसलो, तोंडाला पदर लावून. रज्जाकभाई खड्ड्यापासून परत आले. हात मातीने माखलेले. माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाले, "मुरूम है. पक्का."

कोनाड्यात पणती ठेवली होती. मी डोळ्यात तेल घालून बघत होते, अण्णा. शेवटची माती पडेपर्यंत ती विझली नाही. मनावरचं एक ओझं तेव्हाच उतरलं.

दुसरं आज उतरलं. सकाळी मॅडम यंत्र घेऊन आधी पश्चिमेला गेल्या. पाइपांच्या तोंडाशी आकडा भराभर वर गेला. जाधव सर घाबरले. मॅडम म्हणाल्या, "इथे दिसलाच पाहिजे. इथून बाहेर पडतोय म्हणजे पाइप काम करतायत." मग चराच्या अलीकडे, मग घरोघर. शून्य, शून्य, शून्य. तुमचं घर शेवटी ठेवलं होतं. सुवर्णाने कुलूप काढलं. वास होताच, पहिल्यासारखा. गंगाक्का पायरीवर बसून राहिल्या, डोळे मिटून. आत सगळ्या खोल्यांत शून्य. मॅडम न्हाणीत उकिडव्या बसल्या, जाळीवर यंत्र धरलं, मग बॅटरी लावून आत डोकावल्या.

"घर किती दिवस बंद होतं?"

सुवर्णा म्हणाली, "दोन महिने. आणि आल्यावर अप्पांनी न्हाणी वापरूच दिली नाही."

"म्हणजे पाणी गेलंच नाही इथून?"

"नाही."

मॅडमनी बादलीतला एक मग पाणी जाळीत ओतलं. मग दुसरा. मग म्हणाल्या, "थांबा जरा." आम्ही दहा जण न्हाणीच्या दारात गर्दी करून उभे. थोड्या वेळाने वास कमी झाला. पाव तासाने गेला. जाळीखालच्या वळणात जे पाणी साचून राहतं, ते उन्हाळ्यात वाळलं होतं. गटाराचा वास त्या वाटेने वर येत होता.

रज्जाकभाई म्हणाले, "अण्णा ने गैस नै, गटार पकड्या!" आणि मोठ्याने हसले, आणि हसता हसता टॉवेलमध्ये तोंड खुपसलं. गंगाक्का पायरीवरून म्हणाल्या, "शिवा शिवा. आयुष्यभर लोकांना पाणी काढून दिलं, आन् घरचं तांब्याभर पाणी वाळलं."

अण्णा, आता थोडं तुम्हाला बोलते, ऐकून घ्या. "कशानं ते आपल्याला ठावं न्हाय," असं मला ऐकवणारे तुम्ही. आणि उंबऱ्यावरून, आत न जाता, "पल्याडचा गॅस आलाय" म्हणून ठरवून मोकळे झालात. मी वारा लिहिला, तुम्ही वायू लिहिलात. मला घर हवं होतं म्हणून माझं चुकलं. तुम्हाला आम्हा बारा घरांची काळजी होती म्हणून तुमचं. आणि एवढं करूनही तुम्ही वागलात ते बरोबरच वागलात. मोजल्याशिवाय कुणाला आत जाऊ दिलं नाहीत, ठिणगी पडू दिली नाहीत. फक्त जीवाला लावून घेतलंत, तेवढं करायला नको होतं.

मॅडमनी जागेवरच कागद लिहून दिला, सहीनिशी. मी तो दोनदा वाचला. मग तुमच्या पडवीतल्या रिकाम्या खाटेवर बसले. कागद आला होता. तुम्ही म्हणाला होतात तसंच झालं. प्रकाशनी सगळ्यांना चहाला आमच्याकडे नेलं आणि मला थोडा वेळ एकटं राहू दिलं.

मग सभा. विषय दोनच ठेवले. पहिला: पाटी. "येथे जुना कचरा पुरलेला आहे. घर बांधू नये, खणू नये, आग पेटवू नये." "हितं"चं "येथे" केलं, तेवढं चालवून घ्या. एकमताने मंजूर. लग्नाचं कुणी काढलं नाही. दुसरा: भूमिपूजनाच्या इतिवृत्तात दुरुस्ती. जुनी वही मी घेऊनच गेले होते. उदबत्तीच्या धुराचं सांगितलं. जाधव सर म्हणाले, "आम्हीपण पाहिला होता हो." विरोध नाही. "वाऱ्याने" या शब्दावर एक सरळ रेघ मारली, बाजूला आद्याक्षरं टाकली. आता तिथे एवढंच आहे: "निरांजन दोनदा विझले." खाली तुमच्या सहीची जागा तेव्हापासून कोरी आहे. ती तशीच राहील. ती आता मला बोचत नाही.

दुपारी गंगाक्का सुवर्णाबरोबर बार्शीला गेल्या. सध्या तिकडेच राहतील. एस.टी. स्टँडला निघताना किल्ली माझ्या हातात दिली. "आठवड्याला तांब्याभर पाणी ओत ग जाळीत. त्यांना परत वास नको यायला." कुणाला, ते मी विचारलं नाही.

मी यादी केली. पुढची न्हाणी, झालं, मॅडमनी ओतलं. स्वयंपाकघरातली मोरी, झालं, सुवर्णाने ओतलं. मागची मोरी राहिली. तिच्यापुढे तुमची अवजारं रचलेली आहेत. पहार, पान्हे, गुंडाळलेली दोरी, आणि खिळ्याला कंदील. ती बाजूला केल्याशिवाय जाळीपर्यंत हात पोचत नाही, आणि सकाळी कुणीच ती हलवली नाहीत.

संध्याकाळच्या चहाच्या आधी उरकून टाकू म्हटलं होतं. चहा होऊन गेला. तांब्या भरून ठेवलाय, किल्ली वहीवर आहे. मागच्या मोरीत पाणी ओतायचं अजून राहिलंय.